शाळेतल्या विज्ञानाच्या तासाला मदत करायची आहे. शाळेला नेमकं काय हवं असतं? (मुंबई)

मुलुंडकर · ८ जून, रात्री १०:१२

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात २६ वर्षं काम केलं, गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता हातात वेळ आहे आणि तो शाळेसाठी द्यायचा आहे. पण कसा द्यायचा ते कळत नाही, म्हणून हा धागा.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, घराजवळच्या एका मराठी शाळेत मला बोलावलं होतं. सेन्सर्स या विषयावर ४० स्लाइड्स करून गेले. आठवी-नववीची दोनेकशे मुलं हॉलमध्ये जमिनीवर बसलेली, खिडक्यांना पडदे नाहीत, त्यामुळे अर्ध्या स्लाइड्स दिसतच नव्हत्या. पाऊण तास बोलले. टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. मी चपला घालत असताना एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही ते थर्मोकपल म्हणालात ना, ते पिशवीत आहे का? बघू?"

पिशवीत नव्हतं. घरी खणात सहा पडली आहेत.

तीन महिने ते डोक्यातून जात नाही. मी तिला दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून तापमान कसं मोजतात ते सांगितलं, पण तिच्या हातात काहीच ठेवलं नाही. आता शाळा सुरू होतील. मला भाषण नको, काम हवं आहे. कुणाकडे जायचं, काय विचारायचं, आठवड्याला किती वेळ धरायचा? आणि मुख्य म्हणजे, इथे कुणी शिक्षक असतील तर त्यांनी सांगावं, आमच्यासारख्यांचा उपयोग होतो की अडचण होते?

---

कोडकरी · ८ जून, रात्री ११:०५

फार चांगला विषय. माझ्या ओळखीत बीएआरसी, आयआयटी, पवईतल्या कंपन्या इथले किमान १५ जण आहेत ज्यांना असं काही करायचंय. एक ॲप करू या का? शाळा आपली गरज टाकेल, स्वयंसेवक आपला विषय आणि मोकळा वार टाकेल, ॲप जोडी लावून देईल. दोन शनिवार-रविवारांत पहिली आवृत्ती होईल.

---

फळा_खडू · ९ जून, सकाळी ६:२०

मी महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. एम पूर्व विभाग, म्हणजे गोवंडी-मानखुर्द. १९ वर्षं झाली. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून मोकळेपणानं लिहितो.

आमच्याकडे पाहुणे येतात, नाही असं नाही. पण ते डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात. तेव्हा आमचे बहुतेक धडे शिकवून झालेले असतात आणि दहावीची सराव परीक्षा डोक्यावर असते. जून ते ऑक्टोबर, जेव्हा धाराविद्युत, आम्ल-आम्लारी, भिंगं हे सगळं वर्गात चाललेलं असतं, तेव्हा कुणी नसतं. शिवाय पाहुणे स्वतःचा विषय घेऊन येतात. रोबोट, मंगळयान, एआय. मुलांना आवडतं, मलाही आवडतं. पण दुसऱ्या दिवशी मला पुन्हा पान ३० वर जायचं असतं आणि त्या पानासाठी माझ्याकडे वर्गातल्या ५२ मुलांना पुरेल असं साहित्य नसतं.

एक उदाहरण देतो. नववीला ओहमचा नियम आहे. तो मी गेली कित्येक वर्षं फळ्यावर शिकवतोय. विभवांतर आडवं, विद्युतधारा उभी, आलेखाची रेष पट्टीनं मारायची. माझ्या हाताखालून गेलेल्या शेकडो मुलांनी ती रेष वहीत काढली आहे. त्यांतल्या किती जणांनी अमीटरचा काटा हलताना पाहिला असेल? कपाटात अमीटर आहेत. चालत नाहीत. दुरुस्तीला पाठवायचे तर बाहेर न्यायचा कागद करावा लागतो, तो करायला वेळ हवा, आणि त्याच महिन्यात माझी बीएलओची, म्हणजे मतदार यादीची, ड्युटी लागते.

त्यामुळे मला कोण हवंय ते सांगतो. वर्गात माझ्या जागी उभं राहणारं माणूस नको. जून महिन्यात येऊन "सर, पुढच्या पंधरवड्यात कुठला धडा आहे?" असं विचारणारं हवंय. आणि दुसरा प्रश्न, "कपाट उघडू या का?"

कोडकरी, तुमचा हेतू चांगला आहे, पण माझ्या शाळेची गरज मी ॲपवर टाकीन असं मला वाटत नाही. मी ती चहा पिताना सांगीन.

---

दादरच्या_बाई · ९ जून, दुपारी २:४०

फळा_खडू सरांना पूर्ण अनुमोदन. मी अनुदानित शाळेत मुख्याध्यापिका होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. शाळेच्या बाजूनं काही गोष्टी सांगते, त्या आधीच माहीत असल्या की निम्मी अडचण संपते.

एक पानी पत्र घेऊन जा. तुम्ही कोण, काय शिकलात, कुठे काम केलंत, आठवड्याचा कुठला वार, किती वाजता, आणि किती महिने. "किती महिने" हे लोक लिहीत नाहीत आणि मुख्याध्यापक पहिलं तेच बघतात. सोबत ओळखपत्राची प्रत आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. कुणी मागितलं नाही तरी द्या. खाजगी अनुदानित शाळेत मुख्याध्यापक आणि संस्था परवानगी देऊ शकतात. महापालिकेच्या शाळेसाठी प्रशासकीय अधिकाऱ्यांकडून यावं लागतं, त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर करा.

वर्गात शिक्षक हजर असल्याशिवाय एक मिनिटही मुलांसोबत थांबायचं नाही. २०१२ चा पॉक्सो कायदा आल्यापासून शाळा याबाबतीत जागरूक झाल्या आहेत आणि ते योग्यच आहे. मुलांना स्वतःचा फोन नंबर द्यायचा नाही, त्यांचा घ्यायचा नाही. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय काढायचे नाहीत, मग ते कितीही गोड का असेनात.

आणि वेळापत्रक. घटक चाचणी, गणपती, सहामाही, दिवाळी, स्नेहसंमेलन, क्रीडा सप्ताह. आमच्या शाळेत जून ते दिवाळी यातले खरे शिकवण्याचे आठवडे १३-१४ निघायचे. तेवढेच हिशोबात धरा.

---

जुना_वाचक · ९ जून, रात्री ९:१५

हा प्रयत्न आपल्याकडे नवा नाही हे नोंदवावंसं वाटलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुलाब्याच्या टीआयएफआरमधले (टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले) काही शास्त्रज्ञ मुंबई महापालिकेच्या शाळांत विज्ञान शिक्षणासाठी काम करत होते. त्यातूनच १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं, आज मानखुर्दला आहे ते. वि. गो. कुलकर्णी तिथले पहिले संचालक. विज्ञान न कळण्यात पाठ्यपुस्तकातल्या भाषेचाही मोठा वाटा असतो हे त्यांच्या गटानं फार लवकर ओळखलं होतं.

दुसरं उदाहरण मध्य प्रदेशातलं. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था पुढे होत्या. टीआयएफआर आणि दिल्ली विद्यापीठातली माणसं स्वतःचा वेळ देऊन जात. १९७८ मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ पासून एकलव्य संस्थेनं सांभाळला आणि २००२ मध्ये राज्य सरकारनं बंद केला. टेल्कोत (आजची टाटा मोटर्स) नोकरी करणारे अरविंद गुप्ता रजा घेऊन तिथेच गेले होते आणि आगपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे सांगाडे तिथेच जन्मले.

त्या कार्यक्रमात एक शब्द होता, 'अनुवर्तन'. प्रशिक्षण झाल्यावर कुणीतरी शाळेत जाऊन शिक्षकासोबत वर्गात बसायचं आणि काय अडतंय ते बघायचं. शिवाय शिक्षकांची दर महिन्याला बैठक. आज आपण जे "वर्षभर येत राहा" म्हणतोय, ते त्यांनी तीस वर्षं करून दाखवलं. मुंबईत तर शास्त्रज्ञ आणि शाळा यांच्यात एका लोकलचं अंतर आहे.

---

पीएचडी_तिसरं_वर्ष · १० जून, रात्री १२:५०

ओहमच्या नियमावरून राहवलं नाही. मागच्या वर्षी मी आणि प्रयोगशाळेतली एक मैत्रीण असं दोघं एका शाळेत दर शुक्रवारी जायचो. पहिल्याच दिवशी चूक झाली. रोधक आणायला विसरलो, म्हणून टॉर्चचा बल्ब लावला. दोन सेल, मग तीन, मग चार, मुलं मोजतायत. आलेख काढला तर रेष सरळ येईना, वर जाता जाता आडवी व्हायला लागली. पुस्तकात सरळ. शिक्षिकाबाई आमच्याकडे बघतायत, मुलं बाईंकडे.

बाईंनीच वाट काढली. त्यांनी विचारलं, "बल्बला हात लावून बघा बरं, आधी कसा होता, आता कसा?" गरम. मग चर्चा सुरू झाली. आतली तार तापली की तिचा रोध वाढतो. पूर्ण उजळलेल्या तारेचं तापमान २००० अंशांच्या वर जातं आणि रोध थंड असतानाच्या कितीतरी पट होतो. पुस्तकात नियमाच्या आधीच लिहिलंय की भौतिक अवस्था कायम असताना. ते अर्धं वाक्य त्या दिवशी वर्गाला पहिल्यांदा दिसलं. खरं सांगायचं तर मलाही.

पुढच्या शुक्रवारी लॅमिंग्टन रोडवरून १० ओहमचे, जास्त वॉटचे रोधक नेले. स्वस्तातली वस्तू. त्याच आलेख-कागदावर दुसरी रेष काढली, ती सरळ आली. मुलांच्या वहीत आता दोन रेषा आहेत.

तेव्हा जाणाऱ्यांना एवढंच सांगेन, की प्रयोग फसला तर घाईनं गुंडाळू नका. आणि वर्ग बाईंच्या हातात असू द्या. आमच्याकडे भौतिकी होती, पण "हात लावून बघा" हे आम्हाला सुचलं नव्हतं.

---

खारघर_आई · १० जून, सकाळी १०:३०

वाचनखूण साठवली. माझ्या मुलीच्या शाळेत सेमी-इंग्रजी आहे, म्हणजे विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीत, शिकवणं मराठीत. बाहेरून येणाऱ्यांनी कुठल्या भाषेत बोलावं?

---

फळा_खडू · १० जून, सायं. ७:१०

चांगला मुद्दा काढलात. महापालिकेच्या शाळाच आठ भाषांत चालतात. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. आमच्या भागात उर्दू माध्यम खूप. त्यामुळे जोडी लावताना विषय नंतर, भाषा आधी बघा. उर्दूत बोलू शकणारा एखादा केमिस्ट मिळाला तर तो माझ्या शेजारच्या शाळेला द्या, मी स्वतः ओळख करून देतो.

मराठी माध्यमासाठी स्वयंसेवकांनी थोडा अभ्यास करून यावं लागतं. इंजिनिअर मंडळी मराठीच असतात, पण 'रिफ्रॅक्शन'ला अपवर्तन, 'फोकल लेंथ'ला नाभीय अंतर, 'बेस'ला आम्लारी हे त्यांना पटकन आठवत नाही. मग ते इंग्रजी शब्द वापरतात आणि मुलांना वाटतं हे काहीतरी वेगळंच आहे, आपल्या धड्यातलं नाही. उपाय सोपा आहे. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. त्याच इयत्तेचं मराठी आणि इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून एक धडा वाचा. अर्ध्या तासात सगळे शब्द हाताशी येतात. वर्गात दोन्ही शब्द बोला. अकरावीला आमच्या मुलांना इंग्रजी शब्दच लागणार आहेत, त्यांची धास्ती इथेच गेली तर बरं.

---

निवृत्त_रसायनी · ११ जून, सकाळी ८:००

रसायनशास्त्रासाठी जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती. मी ३१ वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत, अपघात पाहिले आहेत.

शाळेच्या वर्गात वाफा बाहेर ओढणारा फ्यूम हूड नसतो, डोळे धुवायची सोय नसते, गॉगल नसतात आणि एका बाकावर तीन मुलं असतात. तिथे तीव्र आम्ल नेऊ नये. आम्ल-आम्लारीच्या धड्याला त्याची गरजही नाही. लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा, साबणाचं पाणी एवढं पुरतं. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या की दर्शक तयार. लिंबू पिळलं की लाल-गुलाबी, सोडा टाकला की हिरवट. हळदीचा कागद साबणानं लाल होतो, लिंबानं पुन्हा पिवळा. मुलं घरून जास्वंद आणतात, खर्च शून्य.

चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकून ती दुधाळ करायचा प्रयोग सगळ्यांना आवडतो. पण चुना डोळ्यात गेला तर फार इजा करतो हे लक्षात ठेवा. निवळी मोठ्या माणसानंच गाळून आणायची, फुंकणाऱ्याला आधी बजावायचं की आत ओढायचं नाही, आणि बाजूला स्वच्छ पाण्याची बादली ठेवायची. डोळ्यात उडालंच तर ताबडतोब भरपूर पाण्यानं धूत राहायचं आणि दवाखान्यात न्यायचं.

चेंबूर ते सायनच्या पट्ट्यात आठवड्यातला एक दिवस देऊ शकतो. गुडघ्याचा त्रास आहे, तळमजल्यावर वर्ग असेल तर उत्तम.

---

लीड्सहून · ११ जून, दुपारी ४:२५

मी मूळची गिरगावची, इथे इंग्लंडमध्ये सिव्हिल इंजिनिअर आहे. इथे शाळांना विज्ञान-तंत्रज्ञानातले स्वयंसेवक देणारी स्टेम ॲम्बॅसडर म्हणून देशभराची व्यवस्था आहे, मी त्यात आहे. स्वयंसेवकाला नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, पार्श्वभूमीची पोलीस तपासणी व्यवस्थाच करून देते, त्यानंतर छोटं प्रशिक्षण. एकदा तपासणी झाली की प्रत्येक शाळेत नवे कागद न्यावे लागत नाहीत, याचा मोठा फायदा होतो.

अमेरिकेत बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठानं १९९१ मध्ये निवृत्त शास्त्रज्ञ-इंजिनिअरांसाठी असाच कार्यक्रम सुरू केला. त्यांना आधी शिकवून तयार करायचे आणि मग शाळेत विज्ञान शिक्षकाच्या सोबतीला पाठवायचे, एकदाच नाही तर दर आठवड्याला. मुलुंडकर ताई, तुमच्यासारख्यांसाठीच होता तो.

आपल्याकडे केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचं विद्यांजली पोर्टल २०२१ पासून आहे. सरकारी आणि अनुदानित शाळा तिथे गरज लिहू शकतात, स्वयंसेवक नाव नोंदवू शकतात. कोडकरी, नवं ॲप करण्याआधी ते बघावं. ज्या शाळांत केंद्राच्या योजनेतल्या अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी वस्तू बनवून बघायच्या प्रयोगशाळा) आहेत तिथेही मार्गदर्शक लागतातच, थ्री-डी प्रिंटर असतो पण तो बिघडला की बघणारं कुणी नसतं.

---

कोडकरी · ११ जून, रात्री १०:४०

पटलं. ॲप बाजूला ठेवतो. साधा तक्ता केला आहे: विभाग, भाषा, विषय, वार, सकाळ की दुपार अधिवेशन. फोन करायचं काम मी घेतो. दर रविवारी संध्याकाळी दोन तास, शिक्षकांना आणि स्वयंसेवकांना, दोघांनाही.

---

घाटकोपर_पूर्व · १३ जून, रात्री ११:३०

मी इथे कधी लिहीत नाही. आज लिहितो.

मी आठवीत असताना आमच्या शाळेत एक काका यायचे. कुठल्या कंपनीत होते माहीत नाही, दर गुरुवारी यायचे, वर्षभर. ते शिकवायचे नाहीत. मागच्या बाकावर बसायचे आणि सरांनी प्रयोग दिला की आमच्या गटाशेजारी येऊन उभे राहायचे. एकदा मी सेलला तार उलटी जोडली आणि छोटी मोटर उलटी फिरली. मी घाबरून सोडवायला लागलो. ते म्हणाले, "थांब, आता सुलटी जोड. काय झालं?" एवढंच.

मी त्या दिवशी घरी जाऊन बंद पडलेला खेळण्यातला ट्रक उघडला. पुढे दहावीनंतर डिप्लोमा केला, आज लिफ्टच्या कंट्रोल पॅनलचं काम करतो. त्या काकांचं नाव मला माहीत नाही. तुमच्या तक्त्यात माझं नाव घाला. शनिवारी मोकळा असतो. मोटर, स्विच, रिले याबद्दल सांगू शकेन, भाषण जमणार नाही.

---

फळा_खडू · १४ जून, सकाळी ६:०५

भाषण नकोच आहे. शनिवारी आमची सकाळची शाळा असते. या.

---

मुलुंडकर · ६ जुलै, रात्री ९:५०

धागा वर काढते, कारण सांगण्यासारखं आहे.

दादरच्या बाईंनी सांगितलं तसं एक पानी पत्र दिलं. तीच शाळा, जिथे फेब्रुवारीत बोलले होते. पत्रात लिहिलं: दर बुधवार, ऑगस्ट ते जानेवारी, विज्ञान शिक्षिकेच्या सोबतीनं. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. मी विचारलं, "पुढचा धडा कुठला, आणि कपाट उघडू या का?"

बाई क्षणभर गप्प झाल्या. मग किल्ली शोधायला गेल्या.

कपाटातलं सांगते, कारण हे मुंबईतल्या अनेक शाळांत असंच असणार. अमीटर ११, त्यातले चालू ४. उरलेल्यांपैकी पाचांत काही मोठं बिघडलेलं नव्हतं. टर्मिनलवर गंज होता आणि काटा शून्यावर नव्हता. पॉलिश पेपर आणि छोटा पेचकस, दोन तासांत पाचही सुरू. पट्टीचुंबक ८, सगळे एकाच डब्यात कसेही टाकलेले, ताकद गेलेली. ते जोडीनं, विरुद्ध ध्रुव शेजारी ठेवून, टोकांना लोखंडी पट्ट्या लावून ठेवायचे असतात. नव्यांसाठी तसा लाकडी डबा करून दिला. सेल बॉक्समध्ये सेल तसेच राहिलेले, गळून सगळं हिरवं. सूक्ष्मदर्शक दोन, दोन्हींच्या भिंगांवर बुरशी. आपल्या पावसाळ्यात हे होणारच. आता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवले आहेत, एकाचं भिंग बदलावं लागेल. बहिर्गोल भिंगं २०, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, उत्तम. ती आहेत हेच बाईंना माहीत नव्हतं, त्या तीन वर्षांपूर्वी या शाळेत आल्या आणि कपाटाची यादी त्यांना कुणी दिली नव्हती.

मी वर्गात अजून पाऊलही ठेवलेलं नाही. पण बाईंनी काल फोन करून सांगितलं, नववीला गटागटानं ओहमचा नियम घेतला. नऊ अमीटर, नऊ गट.

इंजिनिअर मंडळींनो, शिकवायला येत नाही म्हणून मागे राहू नका. दुरुस्ती येते ना?

---

सावलीवाला · ७ जुलै, दुपारी १:१५

वा. माझ्याकडून एक प्रयोग, साहित्य जवळपास शून्य. मुंबईत वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी. एकदा सुट्टी, एकदा ढग, त्यामुळे शून्य सावली शाळेत फारशी बघायला मिळत नाही. म्हणून सप्टेंबरचा विषुवदिन, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तो दिवस धरा, २२-२३ तारीख. पाऊस उघडलेला असण्याची थोडी तरी आशा असते. एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करायची आणि सर्वांत आखूड सावली मोजायची. ती मुंबईत साधारण ३५ सेंटिमीटर येते. कागदावर काठी आणि सावलीचा त्रिकोण काढून कोनमापक लावला की काठीच्या वरच्या टोकाशी कोन १९ अंश, म्हणजे मुंबईचा अक्षांश. मुलं आपल्या शाळेचा पृथ्वीवरचा पत्ता काठीनं काढतात. २२ डिसेंबरला पुन्हा मोजा, सावली ९२ सेंटिमीटरच्या आसपास असेल.

सर्वांत आखूड सावली घड्याळातल्या १२ ला पडत नाही हेही मुलांना शोधू द्या. आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) ८२.५ अंश रेखावृत्तावर चालतं आणि आपण ७३ अंशांजवळ आहोत, त्यामुळे आपली खरी दुपार उशिरा होते, सप्टेंबरच्या विषुवदिनाला सुमारे १२:३१ ला.

---

फळा_खडू · ७ जुलै, रात्री ८:३०

१२:३१! आमच्या इमारतीत सकाळचं अधिवेशन १२:२० ला सुटतं आणि दुपारचं १२:४० ला भरतं. म्हणजे दोन्हीकडची मुलं त्या वेळी पटांगणातच असतात. इतकी वर्षं त्या गर्दीचा मला फक्त त्रास वाटत होता. सकाळची मुलं १२:२० पासून पाच-पाच मिनिटांनी खुणा करतील, दुपारची पुढच्या करतील, आणि आखूड खूण कुठली ते दोन्ही मिळून शोधतील. काठी आणि ओळंबा मी बघतो. सावलीवाला, तुम्ही त्या दिवशी येऊ शकाल का? ढग असले तर दुसऱ्या दिवशी.

---

सावलीवाला · ७ जुलै, रात्री ८:४४

दोन्ही दिवस रजा टाकतो.

---

पीएचडी_तिसरं_वर्ष · २० ऑगस्ट, रात्री १:१०

छोटी भर. दहावीला भिंगांचा धडा आला की हे नक्की करा. खिडकीबाहेरच्या इमारतीची उलटी प्रतिमा भिंगानं भिंतीवर पाडायची, अंतर पट्टीनं मोजायचं, तेच नाभीय अंतर. मग विचारायचं, पुठ्ठ्यानं भिंग अर्धं झाकलं तर काय दिसेल? आमच्या वर्गात ४६ पैकी ४१ जणांनी "अर्धी इमारत" म्हणून हात वर केले. झाकून बघितलं तर पूर्ण इमारत, फक्त अंधुक. इमारतीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण अख्ख्या भिंगावर पडतात, त्यामुळे उरलेलं अर्धं भिंगही पूर्ण प्रतिमा तयार करतं. उत्तर सांगायला आम्ही तोंड उघडलं नाही, एका मुलीनं फळ्यावर किरणांची आकृती काढून सांगितलं.

---

मुलुंडकर · २७ ऑगस्ट, रात्री १०:०५

आज चौथा बुधवार. आठवीच्या वर्गात थर्मोकपल नेलं. तयार सहा होती, पण ती दाखवण्याऐवजी मुलांकडूनच करवून घेतलं. तांब्याची तार आणि कॉन्स्टंटनची (तांबं-निकेलच्या मिश्रधातूची) तार, टोकं पिळायची, मल्टिमीटर मिलिव्होल्टवर. तळहातात धरलं तर ०.२-०.३, गरम पाण्यात बुडवलं तर अडीचच्या आसपास. मग एकानं विचारलं, बर्फात घातलं तर? पुढच्या वेळी बर्फ आणायचा आहे. आकडा उणे का येईल याचे तीन अंदाज फळ्यावर लिहून ठेवले आहेत, बाईंनी पुसायचे नाहीत असं शिपाईकाकांना सांगितलं आहे.

ती फेब्रुवारीतली मुलगी नववीत असेल असं मी धरून होते. बाईंनी चौकशी केली. वडिलांचं काम बदललं, कुटुंब अंबरनाथला गेलं, तिचा दाखला मे महिन्यातच नेला. अंबरनाथ-बदलापूर भागातल्या शाळांत जाणारं कुणी इथे असेल तर मला कळवा. तारा मी देते.

---

कोडकरी · २८ ऑगस्ट, सकाळी ९:००

तक्त्यात आत्ता २३ स्वयंसेवक, ९ शाळा. अंबरनाथसाठी एक नाव आहे, बदलापूरला राहणाऱ्या, रंगांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होत्या. रविवारी फोन करतो. उर्दू माध्यमासाठी अजून कुणी नाही, आणि पश्चिम उपनगरात कांदिवलीच्या पुढे दोन शाळांनी भौतिकीसाठी माणूस मागितला आहे, दुपारचं अधिवेशन, मंगळवार किंवा गुरुवार.

---

निवृत्त_रसायनी · २८ ऑगस्ट, सकाळी ९:३५

उर्दूसाठी माझ्या जुन्या विभागातल्या एका सहकाऱ्याशी बोललो. कुर्ल्याला राहतात, येतो म्हणाले. फळा_खडू सर, तुमच्या शेजारच्या शाळेत सोमवारी सकाळी दोघं मिळून येऊ का? जास्वंद आम्ही आणतो.

---

फळा_खडू · २८ ऑगस्ट, दुपारी १:००

या. वर्ग तळमजल्यावरच आहे, विचारून ठेवलंय. आठ वाजता गोवंडी स्टेशनच्या पूर्वेला मी थांबतो.